फलकावर न मावलेलं

पंचायतीने ठराव केला : एसटी थांब्यापाशी फलक,
गावाचा इतिहास, ओळी जास्तीत जास्त सहा,
कारण रंगारी अक्षरामागे पैसे घेतो.
काम माझ्याकडे आलं. मंगळवारच्या बाजारात
भुईभाड्याच्या पावत्या मीच फाडतो,
आणि माझं अक्षर लागतं म्हणतात.

पहिली ओळ सोपी : दांडेखोल.
नावात खोल आहे, खाडीत उरलेली नाही.
ओहोटीला बगळे चालत पलीकडे जातात,
जिथे गुणाजी तांडेलाच्या पणज्याचं गलबत
चारशे खंडी मीठ पोटात घेऊन वळायचं.
गुणाजी सहाशे सांगतो.
दर शिमग्याला त्यात थोडी भर पडते.

मग मांडवी. जकात घ्यायचे तिथे आता रेशन मिळतं.
तिच्या जोत्यात, जांभ्यात कोरलेला एक खळगा :
गावची पायली.
बाहेरचा व्यापारी आला की आधी त्याचं माप
ह्या खळग्याशी पडताळायचं,
मग गोणीचं तोंड सोडायचं.
पावसाचं पाणी साठतं त्यात. शेळ्या पितात.
एक दाणा कमी नाही, एक दाणा जास्त नाही.

ह्या खळग्यावरून शेट्ये आणि होडेकर
एकतीस वर्षं भांडले. माप सपाट, की शिगेचं?
तारखेला दोघे एकाच पडावातून जायचे,
होडेकरांच्या घरची भाकरी, शेट्यांचं लोणचं,
आणि कोर्टात एकमेकांकडे बघायचे नाहीत.
निकाल लागला तेव्हा दोघेही वारलेले,
आणि पायल्या जाऊन किलो आलेले.

रस्ता अकरा किलोमीटरवरून गेला.
मोजणीवाले आले होते म्हणे, नकाशा पसरून बसले,
गावाने विचार केला आणि म्हणाला, बघू.
रेल्वेलाही बघू.
आगबोट बंद झाली तेव्हा तेवढं विचारलं नाही कोणी,
तिची घंटा शाळेत टांगली,
पोरं अजून भरतीच्या तालावर सुटतात.

स्वभाव लिहावा का?
इथे सुकटीचा भाव विचारला की
आधी सांधे कसे आहेत, मग धाकटीचं कुठे जमलं,
मग खालच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी,
आणि भाव शेवटी, कुजबुजत,
जणू शेजारणीची बदनामी चालली आहे.
उधारी वहीत लिहितात. मागत नाहीत.
पण लिहितात.

बाजाराच्या टोकाला, मांडवीच्या सावलीत,
अनशी मिठागरीण बसते. पावती घेत नाही.
"माज्या सासूच्या सासून ह्या जाग्याचं भाडं
मिठात दिलंय. पावती दावू?"
आणि ओंजळभर मीठ काढून
त्या खळग्याच्या काठावर ओतते.
काठ तिथे झिजलेला आहे,
नेमका एका बाईच्या मनगटाएवढा.

तिची पावती मी दर मंगळवारी फाडतो,
दहा रुपये माझ्या खिशातून टाकतो.
नऊ वर्षं झाली. हिशेबतपासनीसाला सापडलं नाही,
तिला सापडलंय : घरी नेतो त्या मिठाच्या पुडीवर
मूठभर शीग असते, न मागता.

रात्री कंदिलाएवढ्या बल्बखाली बसून
सहा ओळी लिहिल्या, चार खोडल्या.
गुणाजीचं गलबत गेलं, खटला गेला,
अनशी तर मी लिहिलीच नव्हती.

आज फलक लागला. निळ्यावर पांढरं :
दांडेखोल.
बाजार : मंगळवार.
रंगाऱ्याने दोन अनुस्वारांचे वेगळे पैसे मागितले.
सरपंच म्हणाले, बघू.