पुढचा डावा

कुडचड्यात, पुलाच्या अलीकडे, कायतानचं टायरचं दुकान.
एके काळी त्याच्या दारात टिपरची चाकं उभी असत,
छातीएवढी, लाल धुळीची.
आज एक स्कूटर, एक रिक्षा,
आणि काळी जर्मन गाडी घेऊन मी.

गाडी माझी म्हणायची सवय अजून नाही.
खाण बंद पडली, धाकट्या मालकांनी ती मला विकली,
किंवा माझ्या थकलेल्या पगारात वळती केली,
हिशेब एकच.
मी वजनकाट्यावरचा कारकून.
चोवीस वर्षं भरलेला ट्रक तोलला, रिकामा तोलला,
मधला फरक लिहिला.

कायताननं टायरच्या कुशीत अंगठा रोवला.
रुतला नाही.
"रनफ्लॅट हो, पात्रांव. वारें गेलें तरी धांवता."
किती?
"ऐंशी किलोमीटर. वेगही ऐंशीच्या आत."
आणि मग?
"मागीर उडोवपाचो. ह्याचं पंक्चर कोण काढत नाही."

त्यानं बिलाच्या पाठीवर आकडा लिहिला.
मी तो काट्यावरच्यासारखा वाचला,
आधी शून्यं मोजून.
चार नव्यांचे एक लाख चार हजार.
साधे घेतले तर एकोणतीस सहाशे,
बसवून, बॅलन्सिंगसकट.
दोन हे, दोन ते केलं तर?
तो हसला. "एक पाय बुटात, एक चपलेत. वळणावर कळेल."

डिकीचा तळ उचलला. स्टेपनीला जागाच नाही,
तिथं बॅटरी बसलेली.
ज्यानं ही गाडी आखली
त्याच्या मनात हा दिवस कधी आलाच नसणार,
कुडचड्याचा, बिलाच्या पाठीचा.

मुलीला फोन केला. ती बांबोळीला नर्स,
रात्रपाळी संपली की कधीकधी हीच गाडी नेते.
म्हणाली, बाबा, परोड्याजवळ रात्री दोनला हवा गेली तर?
तर थांबायचं, मी म्हणालो.
आणि माझंच वाक्य मला नवं वाटलं.

कारण आम्ही थांबलो नव्हतो.
काटा बंद पडला त्या महिन्यापासून
सुलक्षानं खानावळीचे डबे केले, मी बागायतीत हिशेब धरले,
बँकेचा माणूस आला की बाकावर ताठ बसून
त्याला कोकम सरबत दिलं.
आत काही नव्हतं. कडा तेवढ्या उभ्या होत्या.
ऐंशी किलोमीटर केव्हाच संपले असतील,
मोजायला कोण बसलं होतं?
(हे सुलक्षाला सांगितलं तर म्हणाली,
गाडीला उपमा नंतर द्या, आधी कायतानचे पैसे द्या.)

दिले. वीस रोख, उरलेले चतुर्थीनंतर.
हवा भरायचा पंप, पंक्चरच्या दोऱ्या अठराशे पन्नास.
एक जुनी स्टेपनी त्यानं फुकट दिली,
सुंभानं डिकीत बांधून.
नारळ आता मागच्या सीटवर येतील.
काढलेले चार टायर त्यानं ठेवून घेतले,
नदीत वाळूच्या होड्या लागतात त्या धक्क्याला लावायला.
कुणाचा तरी आदळ तिथं झेलतील.

परतताना केप्याच्या चढावरचा गतिरोधक आला.
मी सवयीनं दात आवळले.
गाडी वर गेली, खाली आली,
एवढंच.
मागे सुलक्षा झोपली होती, मान कलती करून.
जागी झाली नाही.

दर रविवारी आता पंपावर थांबतो.
पोरगा नळी लावतो, आकडा सांगतो,
आणि मी खाणीतून आणलेल्या जुन्या वहीत,
"भरलेला" या रकान्यात, तारखेसह लिहितो:
बत्तीस. बत्तीस. बत्तीस.
पुढचा डावा, एकतीस.