डिकीतला कान

बाबांच्या उजव्या कानातलं गॅरेज आधी बंद झालं,
मग डाव्यातलं निम्मं.
हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही.
एके सकाळी फक्त म्हणाले,
त्सियाला, आजपासून तू डिकीत.

तेव्हापासून झेस्ताफोनीबाहेरच्या हमरस्त्यावर
मी लोकांच्या गाड्यांत आडवी पडून
मागच्या चाकांना कान देते.

घूंऽऽ म्हणजे बेअरिंग.
वेगाबरोबर चढतं, ब्रेक दाबला तरी गप्प बसत नाही.
खर्रर्र म्हणजे लायनर संपले, आता लोखंडाला लोखंड.
थब्, थब्, थब्, तेही ब्रेक लावल्यावरच,
तर ड्रम गोल राहिलेला नाही.
आणि एक किणकिण असते,
ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी पोरानं
व्हीलकॅपमध्ये सोडलेला खडा असतो.
त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

मंगळवारी लामारा आली, श्रोशाची,
रस्त्याकडेला मातीची भांडी विकणारी.
म्हणाली, ओतिया, रिकोतीचा घाट उतरले की जळका वास येतो,
आणि मागे कुणीतरी बसून पुटपुटतं.
तिच्या ओपलच्या डिकीत गवत होतं, लाल धूळ,
आणि कान तुटलेली एक सुरई.
मी तिच्याशेजारी आडवी झाले.

साठ. सत्तर. घूंऽऽ.
बाबांनी गाडी डावीकडे कापली, मग उजवीकडे,
वजन या चाकावरून त्या चाकावर टाकत.
मी मान उंच केली, आरशात माझे ओठ दिसावेत म्हणून,
आणि म्हणाले, डावं.

जॅकवर चढवल्यावर त्यांनी पालथा हात
डाव्या ड्रमजवळ नेला. गार.
उजव्याजवळ नेला आणि झटकन मागे घेतला.
मग त्यावर थुंकले.
चर्रर्र झालं, ते मला ऐकू आलं,
त्यांना वाफ दिसली.

ड्रम निघेना. हातोडीनं गोल फिरत
त्याची समजूत काढावी लागली.
आत काळा भुगा, सिलिंडरचं रबर पाझरलेलं,
एक लायनर तेलात भिजून चिकट,
आणि हँडब्रेकची केबल आपल्याच वेष्टणात गंजून बसलेली.
मी तर रोज सोडते, लामारा म्हणाली.
तू सोडतेस, बाबा म्हणाले, तो सोडत नाही.

पण हा झाला वास. पुटपुट राहिलीच होती.

बाबांनी माझा हात धरला,
उजव्या बाजूच्या स्प्रिंगवर ठेवला,
ड्रम परत बसवला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं.
स्प्रिंगमध्ये बारीक वाळू दळली जात होती.
मग डाव्या बाजूला नेलं.
तिथे काहीच नाही, दूध ओतावं तसं चाक फिरलं.
आवाज पत्र्यातून कुठूनही कुठे जातो, ते म्हणाले,
मांजरासारखा. त्याच्या मागे जायचं नाही.
मी चुकले होते. ते रागावले नाहीत.
हात मात्र दोनदा ठेवायला लावला, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
मी मान हलवेपर्यंत.

बेअरिंगचे पैसे लामारानं दिले, मजुरीचे अर्धे.
उरलेल्या अर्ध्यात ती सुरई.
तुम्हा दोघांत एक कान कमीच आहे, ती हसत म्हणाली,
आणि मग आपण काय बोललो ते कळून
गवत आवरत बसली.
बाबा हसले नव्हते. ऐकलंच नव्हतं,
किंवा ऐकलं होतं.

संध्याकाळी आमच्या झिगुलीतून घरी निघालो.
पुलापलीकडे मागून आलं, अगदी हलकं, घूंऽऽ.
मी खिडकीबाहेर बघितलं.
दिवसभर कान दिला होता,
एवढा एक कानाडोळा करायला काय हरकत आहे.

पण सुरई माझ्या मांडीवर होती,
आणि ती घुमायला लागली.
बाबांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढला
आणि रस्त्यावरची नजर न हलवता
तिच्या पोटावर ठेवला.