गीझर बंद ठेवण्याचे दिवस

ऑगस्टात वादी कबीरला नळाला उकळतं पाणी येतं,
गच्चीवरच्या टाकीतून, कुणी न तापवता.
म्हणून आपण गीझर बंद ठेवतो
आणि त्यात निवलेलं पाणी
गार पाणी म्हणून वापरतो.
हे उलटं गणित मी तुला पहिल्यांदा सांगितलं
तेव्हा तू तीन महिन्यांची होतीस
आणि मी तीन आठवड्यांचा बेकार.

तुझी आई सहाला ड्युटीवर जाते.
तिच्या व्हिसावर आपण दोघं,
एकाच रकान्यात: अवलंबून.

लस टोचताना सिस्टर म्हणाली, हिच्याशी बोलत जा.
काय बोलू?
माझे वडील जेवताना एकच शब्द बोलायचे, मीठ.
ते मिळालं की बोलणं संपलं.
मीही त्यांचाच. दुर्बिणीला डोळा लावायचा,
आकडा लिहायचा,
पुढच्या खुंटीकडे चालू लागायचं.
अकरा वर्षं असे रस्ते मोजले या देशातले,
एकाशीही बोललो नाही.

मग तुला आकडेच सांगितले.
खोली बारा बाय दहा.
खिडकीपासून डोंगर दोनशे मीटर,
त्यावर झाडं शून्य.
छताला कडी नाही, म्हणून झोळी नाही.
तुझी टाच ते अंगठा नऊ सेंटीमीटर,
चूकभूल देणे घेणे.
तू भुवया उचलल्यास
साइटवरच्या साहेबासारख्या,
म्हणजे पुन्हा मोज.
पुन्हा मोजलं.

टाळूवर तेल जिरवताना
बोटाखाली काहीतरी उडत राहतं.
पहिल्या दिवशी मी हात काढून घेतला होता.

आता थोडं थोडं कळतं.
तुटक रडणं भुकेचं.
लांब, शेवटी वर चढणारं,
म्हणजे एसीचा झोत तोंडावर येतोय.
आणि एक रडणं संध्याकाळचं, कशाचंच नाही,
ते मला येत नाही.
तेव्हा आपण जिन्यात जाऊन बसतो.
खालची हलीमा वर येते, बांगड्या वाजवत,
तुझ्याशी बलोचीत बोलते.
तू तिलाही तेच म्हणतेस, आंगू.
ती माझ्याकडे वळून म्हणते, देखा, बलोची बोलती है.
मी हसतो. घरात आल्यावर तुला विचारतो,
मराठीच होतं ना ते?

आईनं फोनवर शिकवलं तसं
न्हाणीत पाय लांब करून बसतो,
नडग्यांवर तुला पालथी घालतो.
ती तिकडून ओरडते, मान धर, मान!
फोन बादलीला टेकवलेला,
तिला फक्त माझा गुडघा दिसतोय.
पहिला तांब्या ओतायच्या आधी मी सांगतो,
येतंय हं पाणी. निवलेलं आहे.
तू म्हणतेस, आंगू.
मी म्हणतो, आंगू.
तू थांबतेस. नीट ऐकून घेतेस.
मग पुन्हा, जरा वेगळं,
जणू माझ्या उच्चारात काही राहून गेलं होतं.
त्या दिवशी पाणी संपलं तरी आपलं संपलं नाही.
आई म्हणाली, अरे, तू इतका कधी बोललास?
आणि मग बराच वेळ तीच बोलली नाही.

काल सोहारहून फोन आला, एका कंपनीचा.
नाव, शिक्षण, झालं.
अनुभव किती, त्यानं विचारलं,
आणि तू सुरू झालीस, पंख्याकडे बघत,
लांबलचक, मध्ये श्वाससुद्धा न घेता.
मी म्हणालो, एक मिनिट.
आपल्यात नियमच झालाय,
एक बोलत असेल तर दुसऱ्यानं थांबायचं.
तो थांबला.
त्याच्याकडचाही एसी घरघरत होता.

तुझं झाल्यावर मी आकडा सांगितला. अकरा वर्षं.
तू जांभई दिलीस.