दोन मिनिटं उरली

माझं काम सोपं होतं.
माइकपाशी कुणी उभं राहिलं
की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचं,
आणि दोन मिनिटं उरली की लाल दिवा लावायचा.
प्रेक्षकांना तो दिसत नसे. त्यांची पाठ त्याच्याकडे.

टोलीडो शहर. बोलिंगच्या हॉलवरचा मजला.
खाली चेंडू घरंगळायचे, दहाच्या दहा खुंट्या पडल्या की
वर कुणाच्या तरी विनोदाची शेवटची ओळ
त्या धडाडधूममध्ये गाडली जायची.
रमोना शिम्चाक पहिल्यांदा आली
तेव्हा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
ती थांबली. जमिनीकडे बोट दाखवलं.
“खाली कुणाला तरी जमलं बघा.”

हशा पिकला म्हणतात,
तो त्या रात्री हिरवाच होता, देठाला घट्ट धरलेला.
पण होता.

दिवसा ती काचेच्या कारखान्यात.
ट्यूबलाइटसमोरून केचपच्या बाटल्या सरकत जायच्या,
तडा गेलेली तेवढी उचलून बाजूला टाकायची.
नऊ तास. मग एप्रन काढून, जुनाट तपकिरी डॉज काढून
फोर्ट वेन, सॅगिनॉ, ईरी,
चाळीस डॉलर आणि कोंबडीचे पंख.
सॅगिनॉत एकाने बर्फ फेकून मारला.
तिने तो ग्लासात टाकला आणि पुढचं वाक्य बोलली.

तिचा हातखंडा किस्सा आईचा.
चर्चच्या बिंगोत लबाडी करणारी बर्नाडीन,
फादर डोम्ब्रोव्स्कीच्या हाती रंगेहाथ सापडते तो.
लोक खुर्चीवरून घसरायचे.
मग एकदा आई स्वतःच आली, कोट न काढता बसली,
हसली नाही, शेवटी म्हणाली,
“चुकीचं सांगतेस. मी सापडले नव्हते.”
त्यानंतर रमोना आईला कधीच सापडू देत नसे.
किस्सा निम्मा पडला.
मी म्हटलं, जुनाच सांग की.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसा मी पट्ट्यावरून सरकत येत होतो.

टीव्हीवरही गेली. न्यूयॉर्क, साडेचार मिनिटं.
इथे लीजन हॉलमध्ये त्रेसष्ट माणसं जमली,
कुणी केक आणला, त्यावर तिचं नाव, स्पेलिंग चुकलेलं.
एका गायकाचं गाणं लांबलं. तिला कापलं.
त्रेसष्ट माणसांनी टूथपेस्टची जाहिरात पाहिली,
मग केक खाल्ला.
पुढची अकरा वर्षं तो केक तिने स्टेजवर कापला.

कारखाना बंद पडला, त्यावरही सात मिनिटं निघाली.
नवरा गेला, त्याची जेमतेम दीड.

आई मंगळवारी वारली.
शुक्रवारी रमोना आली, नेहमीचा निळा स्वेटर.
बिंगो काढला. कार्डं, चष्मा, फादरची घामेजलेली मान,
सगळं जागच्या जागी,
आणि “ती सापडली नाही”पाशी येताना
तिचा आवाज मला उजेडात धरल्यासारखा दिसला.
मी दिवा लावला.

तिने तो पाहिला. आणि कुणी करत नाही ते केलं.
“सगळ्यांनी मागे वळा,” म्हणाली.
ऐंशी डोकी वळली.
“हा गृहस्थ एकोणीस वर्षं मला सांगतोय, बाई, आवर.”
मी हात हलवला. दुसरं काय करणार?
असा हशा मी त्या खोलीत आधी ऐकला नव्हता,
खालून खेळणारेसुद्धा विचारायला वर आले,
आणि त्या गोंधळात, सगळ्यांची पाठ असताना,
तिने बाहीने तोंड पुसून घेतलं.

आता तिथे गाद्यांचं दुकान आहे.
दिवा माझ्या गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांशेजारी.
ती टुसॉनहून फोन करते, गुडघ्यांबद्दल बोलते,
मग मध्येच विचारते,
त्या रात्री दिवा वेळेवर लावलास की आधी?
वेळेवर, मी म्हणतो. घड्याळ बघून.
“ते घड्याळ चार मिनिटं पुढे होतं,” ती म्हणते,
“तू सोडून सगळ्यांना माहीत होतं.”