अंगावरचं सोनं

तिसऱ्या मजल्यावरचा ओतार सोनार
लोणच्याची बरणी छातीशी धरून खाली आला.
आत त्याचा लढाऊ मासा, विटकरी, एकुलता.
"बघ ना नानुली, चार दिवसांत
कसं सोनं चढलंय याच्या अंगावर.
पण मग खात का नाही?"

मी चष्मा पुसला.
मासा तळाशी होता, पर मिटून,
पाऊस नसताना मिटलेल्या छत्रीसारखा.
मध्येच दचकायचा,
काचेला कूस घासायचा, पुन्हा खाली.
घड्याळ लावून कल्ले मोजले.
मिनिटाला शंभराच्या वर.
धाप लागलेल्या माणसांना विचारायचे तेच विचारलं,
घरात नवीन कोण आलं?
ओतार ओशाळला.
रविवारच्या बाजारातली एक पाणवेल. फुकट मिळाली.
न धुता सोडली.

एकतीस वर्षं मी क्षयाच्या दवाखान्यात फिल्म धुतल्या,
तिबिलिसीतल्या निम्म्या छात्या उजेडाला लावून वाचल्या.
इथे उलटं होतं.
पडदे ओढले, दिवा मालवला,
टॉर्च बरणीला आडवी धरली,

आणि तो लखलखला.
कानशीखालून उडावी तशी पिवळी पूड
डोक्यापासून शेपटीपर्यंत.
ओतारचा श्वास मला ऐकू आला.
कसोटीच्या दगडावर भल्याभल्यांचं
पितळ उघडं पाडणारा हा माणूस,
तो हळूच म्हणाला, "किती सुंदर."

"जिवंत आहे ते," मी म्हणाले.
"कातडीत मुळं रुतवून बसलंय
आणि वरून उजेड खातंय."

टाकी माझ्या बिनखिडकीच्या कोठीत आणली,
पाणी अठ्ठावीसवर,
वरून गिवीचा ओव्हरकोट.
बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या अंगावर पडला तो.
मोरचूद ओतारकडेच होतं, मुलाम्याचं.
अंगठ्या तोलायच्या काट्यावर त्यानं ते तोललं,
गुंजेच्या कितीतरी खाली.
सोन्यात तांबं किती, हे झोपेत सांगणारा तो,
पाण्यात तांबं सोडताना त्याचा हात कापत होता.
गोगलगायी काढायच्या राहिल्या.
सकाळी दोन्ही उताण्या होत्या.
त्याबद्दल आम्ही बोललो नाही.

रोज संध्याकाळी तो यायचा.
उजेड झिरपू नये म्हणून आम्ही घरातलेही दिवे बंद ठेवायचो,
कोठीच्या दाराशी दोन स्टुलं.
पहिले दोन दिवस गुडघ्यांबद्दल.
तिसऱ्या दिवशी थेस्सालोनिकीच्या मुलीबद्दल,
फोन करते, पण घाईत.
पाचव्या दिवशी बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाला,
"ते वीज नसलेले हिवाळे आठवतात?
लोक अंगठ्या घेऊन यायचे, पावासाठी.
मी मेणबत्तीत तोलायचो.
काटा खरा होता, नानुली.
भाव खरा नव्हता."

मी अनामिका चाचपली.
तिथला खळगा कधीच भरून आलाय.
त्याला आठवत होतं की नाही, अंधारात कळेना,
आणि टॉर्च माझ्याच मांडीवर होती.
"आज कल्ले सत्तर," मी म्हणाले.
"हं," तो म्हणाला. "सत्तर चांगले."

दहाव्या दिवशी कोट काढला.
सोनं नव्हतं.
विटकरीसुद्धा धड नाही, जुन्या कौलाचा रंग,
शेपटीला एक फाटका कोपरा.
ओतारनं चिमटीतला लाल किडा पाण्यावर धरला.
मासा बघत राहिला,
मग वर आला, गिळला, थुंकला,
पुन्हा गिळला.
"फिका झाला गं," ओतार म्हणाला,
आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

हमाल घेऊन येतो, टाकी वर नेतो म्हणाला होता.
त्याला आता तीन आठवडे झाले.
बरणी तेवढी नेली त्यानं, परत आणली ती
हिरव्या अक्रोडांच्या मुरांब्यानं भरून.
संध्याकाळी येतो, स्टूल ओढतो,
दिवा लावू का, विचारतो.
थांब जरा, मी म्हणते.