अंगठ्याखालचा उंदीर

आपण दंडाची बेटकुळी काढून दाखवतो.
डच माणसाच्या तळहातात, अंगठ्याच्या बुडाशी
जो मांसल उंचवटा असतो
त्याला ते उंदीर म्हणतात.
वीट्सकेच्या वडिलांचा हा उंदीर
दोन हिवाळ्यांत बसला.
आता तिथे खळगा आहे,
चहाचा चमचा राहील एवढा.

ती स्वतः ग्रोनिंगनला, तळघरात,
खऱ्या उंदरांचं बघते.
चोवीस महिन्यांचे, म्हणजे माणसांत सत्तरीचे.
पाठीवर केस विरळ, मागचे पाय जरा फेंगडे.
निम्म्यांच्या खाण्यात एक पांढरी पूड असते,
निम्म्यांच्या नसते.
कुणाच्या, ते बाउकेच्या कपाटातल्या पाकिटात.
पाकिटाला साधा डिंक आहे,
पण तिने कधी उचकटलं नाही.

सोमवारी जाळी.
शेपटी धरून हलकेच मागे ओढायचं,
पंजे सुटतील तो आकडा वहीत.
बहात्तर ग्रॅम. अडुसष्ट.
एकशे चार!
हा त्रेसष्ट नंबर, कान कुरतडलेला.
सोडतच नाही. डोळे मण्यांसारखे बाहेर,
तरी चिकटलेला, आडमुठा.
पूड याच्याच पोटात जातेय, ती मनाशी म्हणते
आणि मनालाच दटावते:
तू आकडे लिही.

शनिवारी हार्लिंगन.
बंदरात चाळीस वर्षं दोरखंड ओढलेले यिल्मर
दुधाची बाटली दोन्ही हातांनी धरतात.
"ती पूड आण की चिमूटभर."
"उंदरांची आहे, बाबा."
"मग? मी कुठे मांजर आहे?"

एप्रिलमध्ये संपलं.
संपलं म्हणजे कसं, ते ती घरी सांगत नाही.
पोटरीचा एकेक स्नायू, चवळीच्या दाण्याएवढा,
काट्यावर ठेवला, उतरवला.
ठेवला, उतरवला.
मग बाउकेने पाकीट फोडलं.
पूडवाल्यांच्या पोटऱ्या थोड्या भरलेल्या.
पकडीत फरक
म्हटला तर आहे, म्हटला तर नाही.
आणि त्रेसष्ट?
साध्या खाण्यावरचा.
"असतात असे," बाउके म्हणाला
आणि पुढच्या रकान्याकडे वळला.

या शनिवारी तिने हेरिंगची बरणी नेली.
जिन्यात थांबली,
झाकण पिळून सैल केलं,
पुन्हा बसवलं, अगदी बेताने.
वर यिल्मरनी बरणी छातीशी धरली,
ओठ दाबले,
मान लाल झाली,
आणि झाकण फिरलं.
"बघ!"
अंगावर मूठभर मांस चढलं त्यांच्या,
कुठल्या काट्यावर न उतरणारं.

नवी बरणी उघडताना टक् वाजते.
ही वाजली नाही,
ती जिन्यातच वाजून गेली होती.
चाळीस वर्षं बंदरावर काढलेल्या कानांना
ते कळलं की नाही,
हे पाकीट
दोघांपैकी कुणी फोडत नाही.