रोजमेळ

सराफ्यात रात्री सोन्याची शटरं पडतात
आणि त्याच ओट्यांवर कढया चढतात.
दिवसभर जिथे मिलिग्रॅमवरून हुज्जत,
तिथे आता ‘शंभर ग्रॅम जिलबी’ म्हणत
माणूस डोळ्यांनी पावशेर मागतो.

मी गल्ल्यावर बसतो. सव्वीस वर्षं झाली.
रतनसेठ अजून ‘मराठी बाबू’च म्हणतात,
खंडेराव ताम्हाणे हे नाव फक्त चेकवर.
साखरेची आवक मी लिहितो:
पोती, भाव, हमाली.
माझ्या पोटात गेलेली कधी लिहिली नाही.

ती लिहिली डॉक्टर सुळ्यांनी,
लोकमान्य नगरातल्या दवाखान्यात, निळ्या शाईने:
एक आकडा उपाशीपोटीचा, एक वजनाचा.
“शक्कर बंद.”
बोलत होते मराठीतच, तेवढा शब्द हिंदीत आला,
म्हणून मला वाटलं, साखर थोडी चालत असेल.

पहिले नऊ दिवस डोकं
रिकाम्या डब्यासारखं वाजत राहिलं.
सुटे पैसे देताना दोनदा चुकलो.
भंवर दोन बोटांत पाकाची तार बघायचा
आणि तिचं दुसरं टोक
माझ्या जिभेला बांधलेलं असायचं.

सुमेधाने गल्ल्याच्या खालच्या खणातली चिल्लर काढून
तिथे डबे लावले.
फुटाणे. भाजलेले मखाणे. ज्वारीच्या लाह्या.
“हे पक्ष्यांचं खाणं,” मी म्हणालो.
“पक्षी उडतात,” ती म्हणाली,
आणि पोळी उलटवली.

खरं तर मला तारलं जीरावनाने.
पेरूवर जीरावन, काकडीवर जीरावन,
उकडलेल्या चवळीवर, ताकात,
एकदा तर नुसतंच, तळहातावर घेऊन.
सकाळच्या पोह्यांतली साखर गेली,
शेव चिमूटभर उरली, लिंबू वाढलं.
गराडू मी तव्यावर भाजायला सांगितला,
तेलाचे चार थेंब टाकून,
तर भंवरने तोंड फिरवलं,
जणू मी पंथ सोडला.

माघात एका रात्री, एकच्या सुमारास,
गिऱ्हाइकी ओसरल्यावर गाजर चावलं
आणि चावायचाच थांबलो.
गोड होतं.
कुणी पाकात घोळवलं नव्हतं त्याला.
इतकी वर्षं ते हळू आवाजात बोलत असणार,
मी मात्र कढईशेजारी बसलेलो.

(रंगपंचमीला, गेर संपल्यावर,
गुलालाने माखलेल्या हातांनी
दोन मावाबाट्या खाल्ल्या. लपून नाही.
रात्री वहीत, नावे बाजूला: दोन.
सुमेधाने वाचलं. काही बोलली नाही.
सकाळी लाह्यांचा डबा जरा जास्त भरलेला होता.)

शेजारचा कैलास सोनी शटर ओढता ओढता विचारतो,
“बाबूजी, कितना गया?”
मी ग्रॅममध्ये सांगतो: सहा हजार चारशे.
तो आजच्या भावाने मनातल्या मनात गुणतो
आणि हात जोडतो.
पट्ट्याला मोच्याकडून दोन नवी भोकं पाडून घेतली.
जुनं भोक ताणून लांबट झालंय,
उघड्या राहिलेल्या तोंडासारखं.

आता रविवारी इराचा साखरपुडा.
या शब्दाला वळसा घालून जाता येत नाही.
पुडा मीच बांधला, निमुळता, रुपेरी कागदात,
मीच तोलला, पैसे गल्ल्यात टाकले,
रोजमेळात जमा धरले.
व्याही देवासचे, हौशी माणूस.
चिमूट पुढे करतील, म्हणतील, “तोंड गोड करा.”
मी करीन. तेवढी मुभा सुळ्यांनीही दिलीय.

पाच महिन्यांनी जिभेवर चार दाणे.
सव्वीस वर्षं साखरेत बसलेला माणूस मी,
आणि आज पहिल्यांदाच धास्ती वाटते,
की ती फार गोड लागेल.